चिंता, श्वास आणि आश्वास

संसारी मनुष्याच्या वाट्याला चिंता यावयाचीच. मुलाबाळांचे शिक्षण, लग्नकार्ये, वृद्ध मातापित्यांची दुखणी, घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते, परगावी नोकरीस असलेल्या मुलाची खुशाली, यांपैकी एखादा तरी विषय प्रत्येक घरात असतोच. दिवसा कामाच्या रगाड्यात तो दबून राहतो. रात्री दिवा मालवला की उशाशी येऊन बसतो. मग छाती दडपते, जीव वरखाली होतो, कूस बदलता बदलता पहाट होते. अशा वेळी गीता उघडणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. परंतु अक्षरे डोळ्यांपुढून जातात आणि मनात काहीच उतरत नाही, असा त्यांतील अनेकांचा अनुभव असतो. असे का व्हावे, आणि अशा वेळी काय करावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. शब्दांचा थोडा विचार

गीतेचा अभ्यास करताना शब्दांच्या मुळाशी जाणे हितावह असते. ‘चिंता’ हा शब्द ‘चिन्त्’ या धातूपासून आला असून त्या धातूचा अर्थ केवळ ‘विचार करणे’ एवढाच आहे. विचार ही वाईट गोष्ट नव्हे. तो कृतीकडे न जाता स्वतःभोवतीच फिरू लागला म्हणजे त्याची चिंता होते. सोळाव्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात भगवंतांनी आसुरी वृत्तीच्या मनुष्याच्या चिंतेला दोन विशेषणे दिली आहेत. ती मोजता येत नाही आणि ती मरणापर्यंत संपत नाही.

‘विषाद’ शब्दाचे मूळ ‘सद्’ धातूत आहे. त्याचा अर्थ खचणे, बसणे. पहिल्या अध्यायात अर्जुन आपली गात्रे गळत आहेत असे सांगतो, तेथे हाच धातू आहे. आणि अध्यायाच्या शेवटी तो खरोखरच धनुष्यबाण टाकून रथात बसून राहतो. ‘उद्वेग’ शब्दाचे मूळ ‘विज्’ धातूत आहे. थरथरणे, हादरणे हा त्याचा अर्थ. खचणे काय किंवा थरथरणे काय, दोन्ही शब्द मनाची अवस्था देहाच्या भाषेत सांगतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता चौथा शब्द पाहू. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. श्वास, उच्छ्वास, निःश्वास हे तर त्यापासून आलेच; पण ‘विश्वास’ आणि ‘आश्वासन’ हेही त्याच धातूचे शब्द आहेत. भ्यालेल्या मनुष्याचा श्वास कोंडतो. धीर आला की तो मोकळा होतो. म्हणून धीर देण्याच्या क्रियेला आपल्या पूर्वजांनी ‘पुन्हा श्वास घेता येईल असे करणे’ हेच नाव दिले. आज आपण ‘आश्वासन’ म्हणजे दिलेला शब्द एवढाच अर्थ घेतो. मूळचा अर्थ त्याहून जिव्हाळ्याचा आहे.

२. अर्जुनाची दोन भये

गीतेत अर्जुन दोनदा भयाने व्याकुळ झालेला दिसतो. प्रथम पहिल्या अध्यायात. श्लोक २८ ते ३० मध्ये तो स्वतःच आपली लक्षणे सांगतो: अवयव ढिले पडले आहेत, तोंड कोरडे पडले आहे, अंगाला कंप सुटला आहे, रोमांच उभे राहिले आहेत, गांडीव हातातून निसटत आहे, त्वचा जळत आहे, उभे राहवत नाही, मन भ्रमल्यासारखे झाले आहे. आजच्या वैद्यापुढे हा श्लोक ठेवला तर तीव्र चिंतेचा झटका आलेल्या रुग्णाचेच हे वर्णन आहे, असे तो सहज म्हणेल.

परंतु पुढे जे घडते ते अधिक महत्त्वाचे आहे. अशा कापणाऱ्या देहाने अर्जुन लगेच युक्तिवाद करू लागतो. कुलक्षय, धर्मनाश, वर्णसंकर, पितरांचे पतन अशी एकामागून एक कारणे तो मांडतो. ऐकणाऱ्याला ती मोठी शास्त्रशुद्ध वाटतात. तरीही दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात भगवंत त्याला स्पष्ट सांगतात की, ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस आणि भाषा मात्र शहाण्यासारखी बोलतोस. याचा बोध असा की, भयाने हादरलेल्या देहातून निघालेली विचारमालिका कितीही सुसंगत भासली तरी तिच्यावर लगेच भरवसा ठेवू नये. नोकरीचा राजीनामा, जमिनीची विक्री, ठरलेल्या सोयरिकीत मोडता, भावाशी अबोला असे किती निर्णय अशा घटकेत घेतले जातात, आणि मागाहून त्यांची झळ सबंध घराला सोसावी लागते!

दुसरे भय अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहून अर्जुनाला ना धीर उरतो, ना शांती. तो कापतो, त्याचा कंठ दाटून येतो. त्या वेळी भगवंत काय करतात? पन्नासाव्या श्लोकात संजय सांगतो की, भगवंतांनी पुन्हा सौम्य रूप धारण केले आणि त्या भ्यालेल्या अर्जुनाला आश्वस्त केले. मुळात ‘आश्वासयामास’ असे प्रयोजक क्रियापद आहे. त्याचे भाषांतर ‘धीर दिला’ असे करतात व ते योग्यच आहे. परंतु धातूकडे पाहिले तर ‘त्याला पुन्हा श्वास घ्यावयास लावला’ हा अर्थ त्यात दडलेला आहे. लगेच पुढच्या श्लोकात अर्जुन म्हणतो की, आता मी भानावर आलो, मूळ प्रकृतीवर आलो. आणि त्यानंतरच अनन्य भक्तीचा उपदेश येतो.

हा क्रम मनात ठसवून घ्यावा. आधी आश्वास, मग स्वस्थ चित्त, मग उपदेश. रात्री गीता उघडूनही ती मनात उतरत नाही याचे कारण बहुधा हेच असते की पहिली पायरी गाळून आपण तिसरीवर पाय ठेवू पाहतो.

३. श्वास आणि चित्त यांचा संबंध

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तविक्षेपाचे सोबती सांगितले आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वासोच्छ्वास. त्याच पादात, थोडे पुढे, चित्त प्रसन्न करण्याच्या उपायांत श्वास बाहेर सोडणे व आवरणे हा एक उपाय म्हणून येतो. म्हणजे श्वासाचा विस्कळीतपणा हे जसे व्याधीचे लक्षण, तसेच श्वासाचे नियमन हे तिचे औषध. गीतेतही पाचव्या अध्यायाच्या शेवटी नाकातून संचार करणारे प्राण आणि अपान समान करण्याची साधना सांगितली आहे. चौथ्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या श्लोकात प्राणायामाला यज्ञ म्हटले असून, श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तेथे पूरक, रेचक व कुंभक असा अर्थ उलगडून दाखवला आहे.

आधुनिक शरीरशास्त्राचे म्हणणे याला पूरकच आहे. हृदयाचे ठोके अथवा अन्नाचे पचन आपल्या इच्छेने हवे तसे बदलता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवले तर आपल्या आज्ञेतही राहतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, बाहेर सोडताना ती मंदावते. मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत गेलेला व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. म्हणून रेचक दीर्घ केला की देहाला विसाव्याची सूचना मिळते.

याच्या उलट, चिंताग्रस्त मनुष्य छातीच्या वरच्या भागाने भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर कमी होतो; डोके हलके होते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, आणि आपल्याला काही भयंकर झाले आहे या समजुतीने भय आणखी वाढते. भयाने श्वास बिघडतो आणि श्वासाने भय वाढते. हे चक्र कोठे तरी तोडावयाचे तर श्वासाच्या ठिकाणी तोडणे सर्वांत सोपे.

योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे इटलीतील संशोधकांनी २००१ साली असे दाखवले की, मंत्राचा जप अथवा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना संथपणे म्हटली असता श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या लयी एकमेकींशी जुळतात. विश्रांत अवस्थेतील प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, हे लक्षात घेता ही गती किती संथ आहे ते कळेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रोज पाच मिनिटे याप्रमाणे एक महिना दीर्घ निःश्वासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या मनाच्या प्रसन्नतेत चांगली वाढ आढळली.

४. गृहस्थासाठी अभ्यासक्रम

प्राणायाम हा गृहस्थाला परका नाही. संध्यावंदनात तो नित्य सांगितलेलाच आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो नाकाला बोटे लावण्यापुरता उरला, एवढेच. पुढे दिलेला क्रम सौम्य आहे. त्यात कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, मुद्दामच घेतलेले नाही.

पोट हलके असताना, म्हणजे सकाळी अनशेपोटी किंवा जेवणानंतर तीन-चार तासांनी बसावे. चटईवर मांडी घालून बसावे. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर पाय जमिनीस टेकवून बसण्यास हरकत नाही. पाठ सरळ, खांदे सैल, डोळे मिटलेले.

पहिली पायरी अवलोकनाची. दोन मिनिटे श्वासात काहीही बदल न करता तो केवळ पाहावा. आत जाणारी हवा थंड लागते, बाहेर येणारी उबदार. एवढेच ध्यानात घ्यावे.

दुसरी पायरी दीर्घ रेचकाची. एक हात पोटावर ठेवावा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा. पोट हळूच पुढे यावे. मग सहा आकडे मोजत नाकानेच सोडावा. एक आकडा म्हणजे अंदाजे एक सेकंद धरल्यास एका श्वासाला दहा सेकंद लागतात आणि मिनिटाला सहा श्वास होतात. हे ताणाचे वाटल्यास तीन आणि चार असे प्रमाण घ्यावे. पाच मिनिटे पुरेत.

तिसरी पायरी नाडीशोधनाची. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यावा. मग अनामिका व करंगळीने डावी बंद करून उजवीने सोडावा. उजवीने घ्यावा, डावीने सोडावा. हे एक आवर्तन झाले. अशी सहा ते दहा आवर्तने करावीत. सर्दीने नाक चोंदले असेल त्या दिवशी ही पायरी सोडून द्यावी.

चौथी पायरी भ्रामरीची. श्वास घेऊन, ओठ मिटून, भुंग्याच्या गुंजारवासारखा मृदू ध्वनी करीत तो सावकाश सोडावा. पाच-सात वेळा करावे. आवाज मोठा काढण्यात काही विशेष नाही. तो आपल्याला आतून जाणवला म्हणजे झाले.

ज्यांना आकडे मोजणे रुक्ष वाटते त्यांनी गीतापाठालाच साधन करावे. गीतेतील बहुतेक श्लोक अनुष्टुभ् छंदात आहेत. त्याच्या अर्ध्या श्लोकात सोळा अक्षरे असतात. ती संथपणे म्हणावयास पाच-सहा सेकंद लागतात. एका निःश्वासात अर्धा श्लोक, मग शांतपणे श्वास, मग उरलेला अर्धा, या रीतीने म्हटल्यास पाठ आणि दीर्घ रेचक एकाच वेळी साधतात. घाईने अध्याय उरकणाऱ्याला हा लाभ होत नाही.

हा अभ्यास संकटाची वाट न पाहता रोज करावा. आग लागल्यावर विहीर खणावयास घेऊन कसे चालेल? सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाचा निग्रह वाऱ्याला आवरण्याइतका कठीण आहे अशी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. त्यांत अभ्यासाचे नाव पहिले आहे.

५. शंका आणि समाधान

शंका : भस्रिका, कपालभाती अशा जोरकस क्रियांनी लवकर फळ मिळत नाही काय?

समाधान : त्या क्रियांचे स्थान निराळे आहे. चिंतेने आधीच श्वास भराभर चालला असता आणखी भराभर श्वास करणे म्हणजे भयाच्या देहस्थितीलाच खतपाणी घालणे होय. हठयोगप्रदीपिकेत इशारा दिला आहे की सिंह, हत्ती वा वाघ यांना जसे हळूहळूच माणसाळवावे लागते तसेच प्राणाचे आहे. उतावळेपणा केल्यास तो साधकाचाच घात करतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी कुंभक व जोरकस क्रिया टाळाव्यात, आणि कोणताही नवा अभ्यास वैद्याला विचारूनच सुरू करावा.

शंका : श्वासावर लक्ष नेले की माझी घबराट उलट वाढते. मी काय करावे?

समाधान : काहींना असे होते, त्यात अपात्रता नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, समोरच्या समईकडे किंवा तुळशीकडे पाहावे आणि श्वास मोजण्याऐवजी नामस्मरण वा स्तोत्र संथपणे मोठ्याने म्हणावे. श्वास आपसुक लांबतो. सावकाश चालत चालत जप केला तरी चालेल.

शंका : गीता वाचणाऱ्याने आणि प्राणायाम करणाऱ्याने चिंतेसाठी औषध घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे काय?

समाधान : मुळीच नव्हे. ताप आला असता आपण औषध घेतो, तेथे श्रद्धा आड येत नाही. आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल, कामात लक्ष नसेल, अन्नावरची वासना गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य साहाय्य मिळते. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर एक क्षणही संकोच न करता घरच्यांना सांगावे आणि मदत मागावी. आणखी एक गोष्ट : छातीत एकाएकी दुखणे, कळ हातात वा जबड्यात जाणे, घाम सुटणे, दम लागणे ही लक्षणे चिंतेचीच आहेत असे मानून प्राणायाम करीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. सहाव्या अध्यायात योग दुःखाचा नाश करतो असे म्हणताना भगवंतांनी आहार, विहार, झोप व जागरण यांचे प्रमाणही सांगितले आहे. देहाची उपेक्षा करणारा योग गीतेला मान्य नाही.

६. श्वास स्थिरावल्यानंतर

श्वास शांत झाला म्हणजे कर्जाचा हप्ता फिटत नाही आणि आईचे दुखणेही बरे होत नाही. मग मिळाले काय? विचार करण्याची शक्ती परत मिळाली. आता ज्या गोष्टीची चिंता वाटते ती कागदावर लिहावी आणि तिचे दोन भाग करावेत. यात माझ्या हातचे कर्म कोणते, आणि माझ्या हाती नसलेले फळ कोणते? आईला तपासणीस नेणे, औषध वेळेवर देणे, तिच्याजवळ बसणे हे कर्म; अहवालात काय निघेल हे फळ. मुलाला अभ्यासास अनुकूल वातावरण देणे हे कर्म. त्याला गुण किती पडतील हे फळ. दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक आपणा सर्वांना मुखोद्गत असतो. तो या कागदावर लावून पाहावा. कर्माच्या बाजूला जे लिहिले असेल त्यातील एक तरी काम त्याच दिवशी करावे. फळाच्या बाजूचे भगवंतांच्या चरणी ठेवावे. आणि मन पुन्हा तेथे धावले तर पुन्हा एक दीर्घ निःश्वास सोडून त्याला कर्माकडे वळवावे. या रीतीने जी अपरिमेय होती ती चिंता मोजता येण्याजोगी होते, आणि जिचा अंत नव्हता तिला आजचे एक काम हा किनारा सापडतो.

घरातील कर्त्या माणसांनी आणखी एक लक्षात ठेवावे. परीक्षेच्या आदल्या रात्री कापणारे मूल, रुग्णालयाच्या दारात उभी असलेली पत्नी, निवृत्तीनंतर हबकून गेलेले वडील यांना आपण लगेच उपदेश करू लागतो: असा धीर काय सोडतोस, देवावर भरवसा ठेव. शब्द खरे असतात, पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी कुरुक्षेत्रावरील तो क्षण आठवावा. भगवंतांनी आधी सौम्य रूप घेतले. आपणही आवाज उतरवावा, शेजारी बसावे, पाठीवर हात ठेवावा आणि स्वतःचा श्वास संथ करावा. जवळच्या माणसाचा शांत श्वास पाहून भ्यालेल्याचा श्वासही हळूहळू उतरतो. मग तो आपणहून बोलू लागेल. मग ऐकूही लागेल.

गीतेचा उपदेश शोक करू नये या बोलापासून सुरू होतो आणि अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात ‘शोक करू नकोस’ याच अभयवचनावर येऊन थांबतो. त्या दोहोंच्या मधले सारे ज्ञान ऐकण्यास अर्जुन समर्थ झाला, तो शिष्य होऊन शरण आला आणि स्वस्थ बसून ऐकू लागला म्हणून. आपणांसही तीच वाट आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे बसावे, चारात श्वास घ्यावा, सहात सोडावा. आणि मग एकच श्लोक, अर्थासह, सावकाश वाचावा.